झेंडूच्या चौकटीतली मी

आमच्या घरात सध्या सगळ्यात जास्त लाड कुणाचे होत असतील तर एका हिरव्या ठिपक्याचे. पोरीचे नाहीत, आणि नवऱ्याचे तर नाहीतच नाहीत. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम सेलूच्या घरात बसून करते. दवाखान्याची बिलं आणि विम्याचे कागद एकमेकांशी जुळतात का, ते तपासायचं. कॉम्प्युटरवर माझ्या फोटोशेजारी एक ठिपका असतो. माझा हात चालू असला की तो हिरवा, थांबला की जरा वेळानं पिवळा, आणि आणखी थांबला की करडा. करडा झाला की पुण्याला कळतं, बाई जागेवर नाही.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, हे सगळं एका दमात कळलं. जन्मभर अंगणवाडी चालवलेली बाई ती. "म्हंजे पर्यवेक्षिका घरातच येऊन बसली म्हण की," त्या म्हणाल्या, "आमच्या टायमाला निदान जीपचा आवाज तरी यायचा." तेव्हापासून मी पाणी प्यायला उठले की आत्या माझ्या खुर्चीत बसून एका बोटानं माऊस ढकलत राहतात आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडतात, "लवकर ये गं, पिवळं पडायलंय!" ओट्यावर बसलेल्या बायका मग मला काविळीचं औषध सुचवतात. मूळव्याधीचंही एकदा सुचवलं होतं, ते का ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं काय बाई त्या ठिपक्याचं? तर ठिपका गेला की मी पुण्याला गेले, एवढंच त्याचं. आधी काही वर्षं मी पुण्यातच होते. एका खोलीत चार जणी, आणि शनिवारी रात्रीची गाडी पकडून सेलू. मिस्टर इथल्या जिनिंगमध्ये कामाला, त्यांना पुण्यात कोण कापूस देणार? पोर आत्यांपाशी वाढत होती. एकदा तिच्या बालवाडीच्या बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं? पोरगी म्हणाली, "आजी हाय, पप्पा हाय, अन् आई पाहुणी येती." बाईंनी मला हा किस्सा हसत हसत सांगितला. मीही हसले. मग घरी येऊन न्हाणीत नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

नंतर घरून काम करायची मुभा मिळाली आणि मी जी सेलूला आले ती आलेच. पाहुणीची घरची झाले. पोरीनं माझ्याशी भांडायला सुरुवात केली, उलट बोलायला लागली, तेव्हा मला जो आनंद झाला तो कुणाला सांगून पटायचा नाही.

पण सुख माणसाला फार दिवस लाभू द्यायचं नाही असा पुण्याचा नियम असावा. यंदा कंपनीच्या डोक्यात आलं की घरून काम करणारी माणसं एकटी पडतात, तुटतात. त्यांना जोडून ठेवलं पाहिजे, त्यांचं कौतुक केलं पाहिजे, आणि त्यांच्याकडून कामही दाबून घेतलं पाहिजे. त्यासाठी नवीन नवीन साधनं आली. आणि वर असं ठरलं की एक मॅडम प्रत्येकाशी बोलतील. जो जोडलेला वाटेल तो घरी राहील. जो तुटलेला वाटेल त्यानं पुण्याला यायचं, ऑफिसात बसायचं.

पहिलं साधन म्हणजे शुक्रवारचा चहा. सगळ्यांनी एका वेळी कॅमेऱ्यापुढं आपापला कप धरायचा आणि गप्पा मारायच्या. विषय वरून येतो. 'तुम्ही एखादी भाजी असता तर कोणती असता?' असले. आत्यांनी एकदा मागं उभं राहून हे बघितलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. "चहाला बोलावतेत अन् कप आपलाच? साखर आपली, दूध आपलं, मग ह्यांचं काय?" त्या दिवसापासून मी कॅमेरा बंद ठेवायला लागले. चहा मात्र प्यायचे.

दुसरं साधन शाबासकीचं. कुणी काही बरं केलं की ॲपवर त्याला फूल द्यायचं, टाळ्या द्यायच्या, 'तू भारी आहेस' असं लिहायचं. माझा स्वभाव मुळात तिरसट. एका भल्या माणसानं कागद वेळेवर पाठवले म्हणून त्याला टाळ्या पडल्या तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, पगार कशाचा घेतोस मग? मी काही फूल दिलं नाही.

तिसरं साधन फोनमध्येच घुसलं. सकाळी दहा ते एक फोन मुका. काम करताना लक्ष विचलित होऊ नये म्हणून घरचा, दारचा, कुणाचाच फोन वाजणार नाही. फक्त कंपनीचा वाजेल. म्हणजे घराला आग लागली तर मला नंतर कळणार, पण आगीचं बिल आलं तर लगेच. तरी मी ते निमूट चालू केलं. नोकरी टिकवायची तर सोंगं करावी लागतात.

आणि मग दसऱ्याच्या आठवड्यात माझंच कौतुक झालं. त्याचं असं झालं की एका आजोबांच्या बिलात बाळंतपणाचा खर्च लावलेला मी पकडला. आजोबा ऐंशीच्या घरात, आणि वर टाक्यांचे पैसे. ह्यात हुशारी काय, डोळे उघडे होते एवढंच. पण पुण्यानं मला आठवड्याची तारका ठरवलं. मी नोकरीला लागताना दिलेला फोटो त्यांनी ॲपवर मोठा करून लावला. तो फोटो आधारकार्डाच्या फोटोच्या सख्ख्या बहिणीसारखा आहे, त्यात मी जगाला कंटाळलेली दिसते. सण म्हणून फोटोभोवती झेंडूचा भरगच्च हार घातला. खाली एक तेवती समई ठेवली. आणि त्याच्याखाली साऱ्या ऑफिसानं एका ओळीत हात जोडले.

मिस्टरांनी तो फोटो माझ्याकडून मागून घेतला आणि सकाळी सकाळी स्टेटसला टाकला. ह्यांना माझं कौतुक लय. पण बोलायचं म्हटलं की जिभेला गाठ. लग्नाला होकारसुद्धा ह्यांनी मान हलवून दिला होता. तेव्हा फोटोवर एक अक्षर न लिहिता आपलेही दोन हात जोडून ठेवले आणि जिनिंगला निघून गेले. तिथं मोबाईल गेटवरच जमा करावा लागतो.

माझं माहेर मानवतच्या पुढं. तिथं माझे चुलते राहतात, आईही त्यांच्याचपाशी असते. काकांना शेतातून आल्यावर चहा पिता पिता साऱ्या गणगोताची स्टेटसं बघायची सवय.  त्या दिवशी त्यांनी जावयाचं स्टेटस उघडलं, तर पुतणीच्या फोटोला हार, पुढं दिवा, जावई हात जोडून. त्यांच्या हातातली बशी खाली आली.

त्यांनी मला फोन लावला. दहा वाजून गेले होते, माझा फोन मुका. ह्यांना लावला, तो गेटवरच्या पेटीत. आत्यांना लावला. आत्या मिरची कांडपाला गेल्या होत्या, आणि त्यांचा फोन मीच आवाज बंद करून पिठाच्या डब्यामागं चार्जिंगला लावला होता, कारण बाराला माझं त्या मॅडमशी बोलणं होतं. ते बोलणं. आज ठरणार होतं, मी पोरीची आई राहते का पाहुणी. घरात टाचणी पडलेली मला नको होती.

"एकबी फोन उचलंना, मग खात्रीच झाली," काका नंतर म्हणाले. मी म्हटलं, अहो, सेलूत आणखी कुणाला तरी विचारायचं. तर म्हणाले, "असलं फोनवर कसं इचारायचं? असल्या टायमाला माणसानं जायचं असतं." त्यांनी क्रूझर बोलावली आणि निम्मी भावकी आत घातली.

इकडं बाराला मॅडम पडद्यावर आल्या. बोलायला गोड. म्हणाल्या, "तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. आजोबांचं बिल तर आम्ही सगळ्यांना सांगतो. पण तुमचा जोडलेपणा कमी दिसतोय. चहाला कॅमेरा बंद असतो. कुणाच्या वाढदिवसाला तुमचं साधं फूलही नाही. घरी बसून माणूस एकटं पडतं हो. तुम्हाला कळतही नसेल, पण आम्हाला इथं दिसतं. मला प्रामाणिकपणे वाटतं, तुम्ही पुण्याला..."

पुणे म्हटल्याबरोबर माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी काही बोलायला तोंड उघडणार, तर मॅडमचं बोलणं मध्येच थांबलं. त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागं बघत होत्या, आणि त्यांचे डोळे मोठे मोठे होत होते.

इथं एक सांगायला पाहिजे. कानावरचा हेडफोन कंपनीनंच दिलेला. तो बाहेरचा कसलाही आवाज आत येऊ देत नाही आणि इथला तिकडं जाऊ देत नाही. त्यामुळं माझ्या दाराशी काय चाललं होतं ते मला शून्य ऐकू आलं. रीतीप्रमाणे बायकांनी गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला होता. शेजारीण काय झालं ते न विचारता पदर डोळ्याला लावून त्यांच्यामागं निघाली. तिला वाटलं आत्या गेल्या. विचारपूस मागून, आधी रडणं, ही आमच्याकडची माणुसकी. दार लोटलेलंच होतं.

"तुमच्या मागे कोणीतरी... बरेच लोक आहेत," मॅडम म्हणाल्या.

मी वळून बघितलं. खोली माणसांनी भरलेली. काका टोपी हातात घेऊन. काकूच्या काखेत फडक्यात बांधलेल्या भाकरी. साऱ्यांची तोंडं उघडी, आणि आवाज कसलाच नाही. मी हेडफोन काढला. तेव्हा एवढा मोठा हंबरडा कानावर पडला की मी खुर्चीतच उडाले. आणि मी उडाले हे दिसताच तो हंबरडा कुणीतरी बटण दाबावं तसा बंद झाला.

"आगं बया!" काकू म्हणाली आणि गाठोडं तिच्या काखेतून सुटलं.

"जित्ती हाय की ही!" काका म्हणाले. खरं सांगते, तक्रार केल्यासारखे म्हणाले.

आई सगळ्यांच्या मागं होती. दोघी जणींनी तिला धरलेलं. तिला घरून निघताना काहीच सांगितलं नव्हतं. 'लेकीला जरा बरं न्हाई, बघून येऊ' एवढंच. पण क्रूझरमध्ये कुणी बोलेना. काकांनी भाड्याची घासाघीस केली नाही. आणि काकूनं दुखवट्याच्या घरी न्यायचा कडू घास म्हणून झुणका-भाकरी बांधून घेतलेली. आई मला नंतर म्हणाली, "आजारी माणसाला कुणी झुणका-भाकरी नेतं का गं? मानवतच्या फाट्यालाच कळलं मला. पण मी कुणाला काई इचारलं न्हाई. इचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

ती माणसांतून वाट काढत पुढं आली.  माझं तोंड चाचपलं, कान चाचपले, मनगटं धरून बघितली, गळ्यातला हेडफोन बाजूला करून गळा बघितला. मग माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि खाली फरशीवर बसली. मीही तिच्याजवळ खाली बसले आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून अशी रडले की विचारू नका. आपण मेलो असं आईला तासभर वाटत होतं, हे कळल्यावर दुसरं काय करणार माणूस?

"फोन का उचलंना गेलीस?" काका आता तापले होते. मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "अन् हे काय हाय, हे?"

मी बघितलं. झेंडू, समई, जोडलेले हात, आणि मध्ये जगाला कंटाळलेली मी. कुणीही रडलं असतं. मी सांगायला लागले, तारका, आजोबा, बाळंतपण, पण ते ऐकून तर काका आणखीच गोंधळले. तेवढ्यात आत्या तिखटाचा डबा कमरेवर घेऊन आल्या. दारात एवढ्या चपला बघून त्यांनी बाहेरूनच गळा काढला. "आरं माझ्या लेकरा!" मिस्टर गेले असं त्यांनी धरलं होतं. त्यांना गप्प करता करता शेजारणीला कळलं की आत्याही धडधाकट आहेत, मग तिचं डोळे पुसणं थांबलं. त्या दिवशी माझ्या घरात तिघांना मरण आलं आणि तिघंही ठणठणीत.

"अन् ही बाई कोण?" काकूनं पडद्याकडं बोट केलं.

मी तर त्यांना विसरलेच होते. मॅडम तशाच बसून होत्या. ओढाताणीत हेडफोनची पिन निसटली होती, आता त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"माझ्या साहेब आहेत," मी कशीबशी म्हणाले.

काकांनी टोपी डोक्यावर घातली, नीट उभे राहिले. "नमस्कार मॅडम. तुमच्यात जित्या माणसाच्या फोटोला हार घालतेत का?"

"अहो, ती सणासाठीची चौकट होती," मॅडम म्हणाल्या. "आम्हाला कौतुक करायचं होतं."

"कौतुक करा, न्हाई कोण म्हणतंय? पण आमचा जीव चालला व्हता की!"

"अन् चहाला बोलावतेत, कप मात्र आपला," आत्यांनी मागून संधी साधली. हे त्यांच्या पोटात कित्येक शुक्रवार साचलेलं होतं. मी डोळे मिटले. गेली नोकरी, मनात म्हटलं. बांध पेटी.

पण मॅडम पडद्याजवळ सरकल्या. मग काकांना म्हणाल्या, "एक फोटो बघून तुम्ही एवढे सगळे आलात?"

"फोटोवर न्हाई. फोन उचलला न्हाई म्हणून आलाव."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मागच्या महिन्यात मला ताप होता," त्या म्हणाल्या. कुणाला सांगत होत्या कोण जाणे. "लॅपटॉप उशाशीच होता. माझा ठिपका सारखा हिरवा. त्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त फुलं आली. ताप आहे, हे मात्र कुणालाच कळलं नाही."

"एकलीच राहतीस का गं?" आत्या पडद्याजवळ गेल्या. साहेबाला थेट अगंतुगं. मॅडमनी मान हलवली. "जेवलीस का मग?"

मॅडम हसल्या, पण त्यांना नीट हसता येईना. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्हाला पुण्याला बोलावलं आणि एखाद दिवशी तुमचा फोन लागला नाही, तर ही सगळी मंडळी ऑफिसात येतील का हो?"

"येतील," मी म्हणाले. मला खोटं बोलताच आलं नाही. "क्रूझर करून येतील."

"मग नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिथंच बऱ्या. मी तसं लिहिते." आणि पडदा बंद झाला. मी आनंदानं ओरडले आणि आत्यांना मिठी मारली. तिखटाच्या डब्यासकट मारली, तेव्हा पुढं अर्धा तास आम्ही दोघी शिंकत होतो.

आता प्रश्न त्या भाकरींचा. दुखवट्याच्या घरी आणलेलं अन्न, ते परत नेता येत नाही असं काकूचं म्हणणं. आणि जिवंत माणसाच्या घरात ते खावं कसं, असं शेजारणीचं. बराच वाद झाला. शेवटी आत्यांनी निकाल दिला. पहिली भाकरी गाईला, मग माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकायच्या, आणि मग बाकीच्यांनी मुकाट जेवायचं. ताजं तिखट होतंच. असा झुणका मी आयुष्यात खाल्ला नाही. कॉम्प्युटरवर माझा ठिपका पिवळा झाला, करडा झाला, कुणी माऊसला हात लावला नाही.

जेवणं चालू असतानाच पोरगी शाळेतून आली. दप्तर फेकलं आणि एवढी माणसं बघून विचारलं, "हे सगळे कशाला आलेत?"

"तुझ्या आईला भेटाया," काका म्हणाले.

"कामून?" पोरगी म्हणाली. "आई तर इथंच असती की."

 आईनं माझ्या ताटात आणखी झुणका वाढला.

निघायची वेळ झाली. आमच्यात अशी रीत आहे की दुखवट्याला आलेल्या माणसानं निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. तसं यायची वेळ पुन्हा येऊ नये म्हणून. गुपचूप उठायचं आणि चालू लागायचं. आता दुखवटा कसला नि काय, पण माणसं त्या कामाला निघाली होती, अंगात तीच रीत भिनलेली. काका उठले, काही न बोलता क्रूझरमध्ये जाऊन बसले. काकू गेली. एकेक जण मान खाली घालून गेला. आईलाही कुणीतरी हाताला धरून नेलं. मी उंबऱ्यावर उभी होते. एवढं हसून-जेवून झालं होतं, पण ती माणसं अशी मुक्यानं चालली तर मला खरंच कुणीतरी गेल्यासारखं वाटायला लागलं. गाडी चालू झाली.

"थांब रे बाबा," आतून आईचा आवाज आला.

दार उघडलं. आई उतरली. एक चप्पल गाडीतच राहिली, तशीच एका पायानं अनवाणी चालत उंबऱ्यापर्यंत आली. माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "येते गं मी."

मग गाडीकडं वळली आणि कडाडली, "म्हणा की रे सगळे! बघायलाव काय नुसतं?"

आणि क्रूझरच्या सगळ्या खिडक्यांतून एकदम आवाज आला, "येतो गं! येतो! येतो!"